फिल्टर कापायच्या आधी

प्रिय पोरा,

तुझा निरोप वाचला. डिझेल गाडीचा सारखा तुंबणारा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, कापून इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलला (रिमॅप केला) तर गाडी पळेल का, एवढंच विचारलंयस. पळेल. कापणारा सांगतोय ते तेवढ्यापुरतं खरं आहे. बेकायदा आहे, हे त्यानं सांगितलं नसणार. पण त्याच दमात तू लिहिलंस की ‘बीएस-६ नं डिझेलची वाट लावली आणि ई-२० नं पेट्रोलची’, तिथं मी अडलो. बीएस-६ म्हणजे गाड्यांच्या धुरावरची सरकारी मर्यादा, ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल (ऊस-धान्यापासूनचं अल्कोहोल) मिसळलेलं पेट्रोल. या दोन तक्रारी एका पोत्यात भरू नकोस. एक खोटी आहे, दुसरी खरी.

आधी तुझा फिल्टर. आत सिरॅमिकची मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. एका नळीचं मागचं तोंड बंद, शेजारच्या नळीचं पुढचं. धूर भिंतीतून झिरपूनच बाहेर पडतो आणि काजळी आत अडकते. ती जाळायला साधारण ६०० अंश उष्णता लागते. त्यासाठी इंजिन जादा डिझेल मारतं, आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं एका चालीनं धावावी लागते. तू काय करतोस? सांगलीतल्या सांगलीत विश्रामबागेतून गणपती पेठ, तिथून परत घर. जाळायला सुरुवात होते न होते तोच चावी बंद. मग न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. यात बीएस-६ चा काय दोष? दिवसाला पाच-सात किलोमीटर फिरणाऱ्यानं डिझेल घ्यायचंच नव्हतं. विकणाऱ्यानं सांगितलं नाही हे खरं, पण तूही ॲव्हरेजच्या पुढं काही विचारलं नाहीस.

१ एप्रिल २०२० ला आपण बीएस-५ वगळून थेट सहावर उडी मारली. डिझेल कारच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली, काजळीची २५ वरून ४.५ वर. पण मला यातलं आवडलं ते वेगळंच. इंधन आणि गाडी जोडीनं बदलली. डिझेलमधलं गंधक धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिस्टला खराब करतं, म्हणून रिफायनऱ्यांनी ते ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० वर आणलं. हे स्वच्छ डिझेल जुन्या गाडीतही चालतं. नव्याची सोय झाली आणि जुन्याला त्रास झाला नाही.

ई-२० चं नेमकं उलटं झालं. त्या पेट्रोलला टिकतील अशा नळ्या आणि सील असलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या. पेट्रोल मात्र दोन-अडीच वर्षांत जवळपास सगळ्या पंपांवर तेच झालं. त्याआधीच्या गाड्या काय भंगारात गेल्या होत्या? इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश ऊर्जा. त्याचा पाचवा हिस्सा मिसळला की सहा-सात टक्के ऊर्जा गेलीच. अठरा देणारी गाडी सतरा देणार. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याचा गुण, चांगला असतो, त्यामुळं कॉम्प्रेशन वाढवून बांधलेलं इंजिन थोडं परत मिळवतं. वीस वर्षांची गाडी कुठून मिळवणार? माझ्या कार्बोरेटरवाल्या गाडीचंच सांगतो. पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. दसऱ्याला धुवायला काढली तर पेट्रोलचा पाइप फुगून मऊ झालेला, आणि टाकीच्या तळाशी पाणी ओढून घेतलेल्या इथेनॉलचा वेगळा थर. दसरा ढकलगाडीवर झाला.

आता आपण पडलो उसाच्या पट्ट्यातले. तुझ्या घरी कारखान्याचं बिल येतं, माझ्याही येतं, आणि कारखान्याच्या त्या पैशात इथेनॉलचाही वाटा असतो. म्हणून आपल्याकडं यावर कुणी मोठ्यानं बोलत नाही. मी इथेनॉलच्या विरोधात नाहीच. ब्राझीलमध्ये २००३ पासून फ्लेक्स-फ्युएल गाड्या आहेत; पंपावर मिश्रणाचं पेट्रोलही मिळतं आणि नुसतं इथेनॉलही, गिऱ्हाईक भाव बघून ठरवतो. इथं जुन्या गाड्यांसाठी ई-१० चा एक नोझल ठेवा, एवढंच माझं म्हणणं. भांडायचं तर यावर भांड.

शेपूट तुटलेल्या सेडानची तू केलेली टिंगल मात्र मला आवडली. फक्त डिझायनरला शिव्या देऊ नकोस. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क उतरवलं, आणि पुढं डिक्या करवतीनं कापल्यासारख्या यायला लागल्या. कर धुरावर लावायचा सोडून टेप धरून लावला की दुसरं काय होणार?

तर फिल्टर कापायचा नाही. आज गाडी सपाट जागी उभी कर आणि डिपस्टिक काढून बघ. ऑइल वरच्या खुणेच्या वर चढलं असेल तर त्यात डिझेल उतरलंय असं समज. गाडी पळवू नकोस, आधी ऑइल बदलून घे. पातळी ठीक असेल तर रविवारी सकाळी सहाला माझ्याकडं ये. पेठ नाक्यावरून हायवेला लागू आणि खालच्या गिअरवर, दोन हजारांच्या पुढं आरपीएम ठेवून, कराडपर्यंत जाऊन येऊ. पेठपर्यंतच्या रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही. डिझेल तू भर, कराडातला नाश्ता माझ्याकडं.

तुझा,
काका