ऑफिसात चार कंपन्यांचे स्विच, प्रिंटर, यूपीएस आहेत आणि प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं. सगळ्यांवर नजर ठेवायला आणि सगळ्यांना चालवायला एकच मानक का नाही?

मानक आहे हो. १९८८ पासून आहे, आणि तुमच्या बहुतेक यंत्रांत ते आत्ताही बसलेलं असेल. त्याचं नाव एसएनएमपी, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांशी बोलायची एक साधी ठरलेली भाषा. अडचण एवढीच की यंत्राची तब्येत कशी विचारायची यावर सगळ्यांचं जमलं, यंत्राला हुकूम कसा द्यायचा यावर कधीच जमलं नाही. तुमची कटकट या दुसऱ्या भागातली आहे.

१९८८च्या सुरुवातीला इंटरनेटची धोरणं ठरवणाऱ्या मंडळींसमोर तीन प्रस्ताव होते: हेम्स, एसजीएमपी आणि आंतरराष्ट्रीय मानकवाल्यांचं सीएमआयपी. हेम्सच्या बाजूने क्रेग पार्ट्रिज होते. निवड लांबू नये म्हणून त्यांनी आपला प्रस्ताव स्वतःहून मागे घेतला. मला या सगळ्या कहाणीतला हाच माणूस सगळ्यात आवडतो. मग एप्रिलमध्ये आरएफसी १०५२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांच्या मालिकेतला दस्तऐवज) निघालं, लेखक इंटरनेटच्या जनकांपैकी एक, व्हिंट सर्फ. ठरलं असं की एसजीएमपीमध्ये सुधारणा करून तूर्तास काम भागवायचं आणि पुढेमागे सीएमआयपीकडे जायचं. त्या ‘तूर्तास’चं नाव एसएनएमपी. सरकारी आवारातली तात्पुरती पत्र्याची शेड बघितलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको.

ते टिकलं, कारण ते साधं होतं. प्रत्येक माहितीला एक लांबलचक क्रमांक असतो. तो क्रमांक विचारायचा, उत्तर घ्यायचं. १.३.६.१.२.१.१.३.० विचारलं की यंत्र किती वेळ चालू आहे ते कळतं, सेकंदाच्या शंभराव्या भागांत. हा आकडा ३२ बिटांचा असल्यामुळे साधारण ४९७ दिवसांनी परत शून्यावर येतो, आणि सोळा-सतरा महिने न हललेला स्विच आजच चालू झाल्यासारखा दिसतो. ट्रॅफिक मोजणारा जुना काउंटरही ३२ बिटांचाच. एक गिगाबिटची लाइन भरून वाहत असेल तर तो ३४ सेकंदांत उलटतो. तुम्ही दर पाच मिनिटांनी विचारणार, म्हणजे आलेख निव्वळ थापा मारणार. त्यासाठी ६४ बिटांचे काउंटर आहेत, तेच लावा.

प्रिंटरसाठीही १९९५ पासून मानक आहे. टोनर किती उरलाय असं विचारलं की कधी कधी उत्तर येतं, उणे ३. याचा मानकातला अधिकृत अर्थ: थोडा आहे, किती ते सांगता येत नाही. सगळ्या कंपन्यांना एका टेबलावर बसवलं की असली कलमं निघतात. पण मला ते प्रामाणिक वाटतं. खोटा टक्का सांगण्यापेक्षा बरं.

खरी फाटाफूट या क्रमांकांच्या झाडाच्या १.३.६.१.४.१ या फांदीवर आहे. तिथे प्रत्येक कंपनीला स्वतःचा क्रमांक मिळतो: सिस्को ९, एचपी ११, मायक्रोसॉफ्ट ३११. त्याखाली काय ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. त्यामुळे पोर्ट चालू की बंद हे सगळीकडे सारखं विचारता येतं, पण स्विचच्या सीपीयूचा भार किंवा तापमान हवं असेल तर बहुतेक वेळा त्या त्या कंपनीच्या, क्रमांकांचा अर्थ सांगणाऱ्या फायली लागतात.

आता हुकूम देण्याचं. एसएनएमपीमध्ये यंत्रातली सेटिंग बदलायची सोय पहिल्यापासून आहे. पण पहिल्या आवृत्तीत पासवर्ड उघडाच जायचा, आणि तोही बऱ्याच ठिकाणी ‘पब्लिक’ हाच. अशा दारातून कोण सेटिंग बदलू देणार? दुसऱ्या आवृत्तीत सुरक्षेवरून वाद झाले, आणि तिसरी पूर्ण मानक व्हायला २००२ उजाडलं. तोवर लोकांना कमांड टाइप करायची सवय लागली होती. त्याच वर्षी मानकं लिहिणारे आणि प्रत्यक्ष नेटवर्क चालवणारे एकत्र बसले. चालवणाऱ्यांचं मागणं अगदी आमच्यासारखंच होतं: दहा बदल एकदम लागू व्हावेत, चुकलं तर सगळे मागे घेता यावेत, आणि कालचं-आजचं कॉन्फिगरेशन शेजारी ठेवून तपासता यावं. त्यातून २००६ मध्ये नेटकॉन्फ आलं, म्हणजे यंत्राला सेटिंग पाठवायची पद्धत, आणि २०१० मध्ये यांग, म्हणजे त्या सेटिंगचे नमुने लिहायची भाषा. चांगली आहेत. पण यांगमध्येही इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्या आयईटीएफ या संस्थेचे नमुने वेगळे, नेटवर्क चालवणाऱ्यांच्या ओपनकॉन्फिग या गटाचे वेगळे, कंपन्यांचे स्वतःचे आणखी वेगळे. ज्या सोयीमुळे स्विच विकला जातो, ती सोय शेजारच्या कंपनीसारखी दिसावी असं कोणत्या कंपनीला वाटेल?

सर्व्हरच्या बाजूला डीएमटीएफ ही संस्था १९९२ पासून असलीच मानकं बनवतेय. तिचं २०१५ चं रेडफिश हे सर्व्हर चालवायचं मानक मला त्यातल्या त्यात बरं वाटतं. सर्व्हर घेताना ते आहे का बघा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर नजर ठेवायला लिब्रेएनएमएस किंवा झॅबिक्स घ्या, दोन्ही फुकट आहेत. एसएनएमपीची तिसरी आवृत्तीच चालू करा, ‘पब्लिक’ काढून टाका. सेटिंग बदलायला अ‍ॅन्सिबल वापरा, त्यात हवे ते बदल फायलीत लिहून यंत्रांवर लागू करता येतात. आतून ते कंपनीगणिक वेगळंच बोलतं, पण तुमच्या फायली तरी एका जागी राहतात. आणि पुढच्या खरेदीत ‘एसएनएमपी सपोर्टेड’ एवढ्यावर सही करू नका. तिसरी आवृत्ती, ६४ बिटांचे काउंटर आणि नेटकॉन्फ असं कोटेशनमध्येच लिहून घ्या, आणि डेमोच्या स्विचवर विक्रेत्याच्या माणसाला पैसे देण्याआधी चालवून दाखवायला लावा.