प्लायमध्ये खाच पाडताना डॅडोची पाती कशी बसवाल

भाऊ, डॅडो म्हणजे रुंद खाच पाडायला टेबल सॉवर (टेबलात बसवलेल्या गोल करवतीवर) एकत्र चढवायचा पात्यांचा सेट: बाहेर दोन गोल पाती, मध्ये जाडी भरणारी दातेरी पाती, म्हणजे चिपर. आधी मशीनचा प्लग काढा, मग पात्यांना हात लावा. पाती चढवल्यावर नटाचे सगळे आटे आर्बरवर, म्हणजे पाती चढतात त्या दांड्यावर, बसलेच पाहिजेत. आर्बर आखूड असेल तर चिपर कमी करा आणि खाच दोन फेऱ्यांत पाडा. हा सेट हातातल्या कटरवर किंवा ग्राइंडरवर कधीच लावू नका.

१८ मिमीचा प्लाय बरेचदा थोडा कमी भरतो, म्हणून व्हर्नियरने मोजा. समजा १७.४ भरला: बाहेरची दोन पाती ३-३ मिमी, ३ मिमीचे तीन चिपर, २ मिमीचा एक, उरलेले ०.४ शिमने, म्हणजे मध्ये घालायच्या पातळ चकतीने. शिम आट्यात घसरली की सेट तिरका बसतो, हे नट आवळताना वाकून बघा. चिपरचे दात बाहेरच्या पात्याच्या दातांमधल्या रिकाम्या जागेत यावेत. दाताला दात टेकला तर दातावरच्या कार्बाइडचा (कडक धातूच्या टोकाचा) टवका उडतो.

खाचेची खोली ६ मिमी पुरे. आधी भंगार तुकड्यावर पाडून बघा. पुढे ढकलायला पुश ब्लॉकच (हात पात्यापासून दूर ठेवणारा ठोकळा) वापरा.

आणि नागपूरच्या मे महिन्यात सागवानी फळी खाचेत बसवत असाल तर रुंदीच्या बाजूने जागा सोडा, पावसाळ्यात ती फुगते.