पहिल्यांदाच मुलाबाळांसह घरच्या सगळ्यांना घेऊन गाडीने लांब निघताय?

आधी एक करा, पोचायची वेळ कुणालाच सांगू नका. नकाशा आठ तास दाखवत असेल तर मनात दहा धरा. निम्मी चिडचिड घड्याळाकडे बघूनच होते.

दर दोन तासांनी गाडी थांबवा, कुणी मागितलं नाही तरी. मूल रडायला लागल्यावर थांबलात तर उशीर झालेला असतो.

मळमळ हा नखरा नव्हे. डोळे मोबाईलवर स्थिर आणि कानाच्या आतल्या भागाला मात्र गाडी हलतेय हे कळतंय, या गोंधळातून ती होते. मोबाईल बंद करा, लांब क्षितिजाकडे बघायला लावा, खिडकी थोडी उघडा. आणि पिशवी हाताशी ठेवा, डिकीत नको! आमची एकदा सामानाच्या तळाशी होती. मुलीने थेट माझ्या मांडीवर ओकारी काढली. मी ओरडलो, ती घाबरली, पुढचा तासभर कुणी बोललं नाही. ओकारी पाच मिनिटांत पुसून झाली होती, खरं तर.

तेव्हापासून आमच्यात ठरलंय, एकाचा पारा चढला की दुसऱ्याने गप्प बसायचं. वाद घरी गेल्यावर. बहुतेक वेळा तोवर विषयच आठवत नाही.