प्रिंटरची शाई जाते कुठे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रिंटर दुरुस्तीच्या कामामुळे शाईच्या खर्चाविषयी मला सतत विचारणा होते, आणि तिच्यात एकच गोंधळ पुन्हापुन्हा आढळतो. शाईच्या बाटलीची किंमत प्रत्येकाला पाठ असते. आपण महिन्याला किती पाने छापतो आणि दोन छपायांमध्ये किती दिवस जातात, हे मात्र कोणीच मोजलेले नसते. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमच्या घरी महिन्याला जेमतेम वीस पाने छापली जातात, तीही बहुतेक काळीच. टाकीच्या, म्हणजे बाटलीने शाई भरायच्या, प्रिंटरची शाई सर्वांत स्वस्त पडते, असे विक्रेते सांगतात. तो घ्यावा का?

घेऊ नये. शाई स्वस्त पडते हे खरे. परंतु काळ्या शाईची एक बाटली सहा हजार पाने पुरते असे धरले, तर वर्षाला २४० पानांच्या हिशेबाने ती संपायला २५ वर्षे लागतील. तोवर प्रिंटरही टिकणार नाही आणि शाईही. टाकीच्या यंत्रासाठी सुरुवातीला मोजलेली जादा किंमत वसूल व्हायची, तर महिन्याला निदान शंभर-दीडशे पाने नियमाने छापली गेली पाहिजेत, असे माझे मत आहे. तुमच्यासारख्या घराला साधा काळा-पांढरा लेझर प्रिंटर योग्य, कारण टोनर ही कोरडी भुकटी असते आणि महिनोन्‌महिने पडून राहिली तरी वाळत नाही. रंगीत पान क्वचित लागेल, तेव्हा ते बाहेरून छापून आणावे. खरेदीपूर्वी टोनर आणि ड्रम (टोनरची प्रतिमा कागदावर उतरवणारा दंडगोल) एकत्र आहेत की वेगळे, हे विचारून दोन्हींच्या किमती विक्रेत्याकडून लेखी घ्याव्यात.

प्रश्न : कार्ट्रिजच्या खोक्यावर ४०० पाने लिहिलेली असतात, आमची अडीचशेसुद्धा निघत नाहीत. ही फसवणूक आहे का?

बहुधा नाही. इंकजेटची, म्हणजे पातळ शाईचे थेंब फेकणाऱ्या प्रिंटरची, पानसंख्या आयएसओ/आयईसी २४७११ या मानकानुसार, ठरावीक पाच पानांचा संच जवळजवळ सलग छापून काढली जाते. घरी आपण आज दोन पाने छापतो, पुढची चार दहा दिवसांनी. मधल्या काळात यंत्र स्वतःच्या सफाईसाठी शाई खर्च करते. शिवाय आपल्या पानांवर छायाचित्रे आणि रंगीत पट्टे असतात. नव्या यंत्राबरोबर येणारे कार्ट्रिज अनेकदा कमी भरलेले असते, हे मात्र खोक्यावर ठळकपणे छापलेले नसते, आणि ते मला गैर वाटते. तुलना करताना बदली कार्ट्रिजची किंमत भागिले त्याची पानसंख्या, एवढाच हिशेब ग्राह्य धरावा.

प्रश्न : फक्त काळा मजकूर छापूनही रंगीत शाई कमी कशी होते?

सफाईत सर्वच रंग खर्च होतात, आणि काही यंत्रे ‘ग्रेस्केल’ निवडल्यावरही रंग मिसळून काळा तयार करतात. सेटिंगमध्ये ‘फक्त काळी शाई’ हा पर्याय आहे का, ते पाहावे.

प्रश्न : दोन महिने प्रिंटर वापरला नव्हता. छपाईत पांढरे पट्टे आले म्हणून लागोपाठ सहा वेळा हेड क्लीनिंग केले. पट्टे तसेच राहिले आणि शाई निम्म्यावर आली. आता काय करावे?

प्रथम क्लीनिंग थांबवावे. या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते, कारण घरोघरची सर्वाधिक शाई अशीच वाया जाताना मी पाहिली आहे.

इंकजेटच्या हेडला, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाला, केसापेक्षा बारीक अशी शेकडो छिद्रे असतात. काम नसते तेव्हा हेड एका कडेला जाऊन रबरी टोपीवर बसते आणि छिद्रे झाकली जातात. तरीही शाईतील पाणी हळूहळू उडते आणि उरलेला दाट अंश छिद्रांत बसतो. क्लीनिंगची आज्ञा दिली की पंप त्या छिद्रांतून शाई ओढून काढतो, आणि ती सगळी यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जाते. मध्यंतरी दुरुस्तीला आलेल्या एका यंत्राचा तळ मी उघडला, तर आतला पॅड ओल्या घोंगडीसारखा जड झाला होता आणि बोटाने दाबताच काळी-जांभळी शाई पाझरली. यंत्राच्या मालकांनी वर्षभरात मोजकीच पाने छापली होती. बाकीच्या शाईला कागद दिसलाच नव्हता.

म्हणून आधी ‘नोझल चेक’ छापावा. त्यात पायऱ्यांसारख्या बारीक रेषांचा नमुना उमटतो. जेथे रेषा तुटलेली दिसते, तेथे त्या रंगाची छिद्रे बंद आहेत. नमुना सलग असेल तर क्लीनिंगची गरजच नाही, दोष कागदात किंवा सेटिंगमध्ये शोधावा. तुटलेला असेल तर एकदा क्लीनिंग करून पुन्हा नमुना पाहावा. दोन-तीन प्रयत्नांत फरक पडला नाही, तर यंत्र बंद करून रात्रभर तसेच ठेवावे. वाळलेला अंश पुष्कळदा त्या अवधीत मऊ होतो. सकाळीही रेषा तुटक असतील, तर अधिकृत सेवा केंद्राचा सल्ला घ्यावा. सिरिंजने गरम पाणी किंवा स्पिरिट सोडण्याचे ऐकीव उपाय करू नयेत. ज्या यंत्रांत हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते, तेथे कार्ट्रिज बदलले की हेडही बदलते. पण ज्यांत हेड यंत्राचा भाग असते, तेथे ते बिघडल्यास दुरुस्ती नव्या प्रिंटरच्या किमतीच्या जवळ जाऊ शकते.

यापुढे आठवड्यातून एकदा, सर्व रंग असलेले एखादे छोटे पान छापत जावे. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, दिवा विझू द्यावा आणि मगच भिंतीवरचा स्विच बंद करावा. थेट भिंतीवरून वीज तोडली, तर हेड टोपीवर पोहोचण्यापूर्वीच थांबण्याचा धोका असतो आणि उघडी छिद्रे लवकर वाळतात.

प्रश्न : ‘सर्व प्रिंटरना चालते’ असे लिहिलेली निम्म्या किमतीची शाई वापरावी का? आणि मासिक वर्गणीची शाई-योजना परवडते का?

सर्व प्रिंटरना चालणारी शाई असू शकत नाही. काही हेड शाई क्षणभर तापवून बुडबुड्याच्या जोराने थेंब फेकतात, तर काही विजेने आकार बदलणाऱ्या पिझो घटकाच्या दाबाने. काही शाया विरघळलेल्या रंगाच्या असतात, तर काहींत रंगाचे सूक्ष्म कण असतात. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेली, परत घेण्याची हमी असलेली पर्यायी शाई हॉटेलच्या बिलांसाठी किंवा मुलांच्या सरावपत्रिकांसाठी विचारात घेता येईल, पण त्याआधी हमीपत्रातील अटी वाचाव्यात. चिप असलेल्या कार्ट्रिजच्या बाबतीत प्रिंटरच्या नव्या अपडेटनंतर पर्यायी कार्ट्रिज नाकारले जाऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

वर्गणीच्या योजनेत पैसे शाईचे नसतात, पानांचे असतात. अशा काही योजनांत वर्गणी थांबवली की शाई शिल्लक असलेले कार्ट्रिजही काम करणे बंद करते. ही अट बारीक अक्षरांत लिहिणे मला अजिबात मान्य नाही. दरमहा छपाई ठरलेली असेल, तरच करार पूर्ण वाचून निर्णय घ्यावा.

प्रश्न : टाकीतील शाई किती खाली जाऊ द्यावी?

खालच्या खुणेपर्यंतच. त्याखाली गेल्यास नळ्यांत हवा शिरते.

प्रश्न : ‘टोनर कमी आहे’ असा संदेश येताच टोनर बदलावा का?

नाही, नवा आणून ठेवावा आणि छपाई फिकी होईपर्यंत जुनाच वापरावा.

प्रश्न : पॅड भरत आल्याचा संदेश दोन महिन्यांपासून येतो आहे. छपाई चालू असल्यामुळे दुर्लक्ष केले. इंटरनेटवरच्या सॉफ्टवेअरने मोजणी शून्यावर आणता येते म्हणतात. आणावी का?

दोन महिने थांबायला नको होते. मोजणी शून्यावर आणल्याने पॅड रिकामा होत नाही. शाई तळातून बाहेर येऊन टेबलावर किंवा यंत्राच्या विद्युत भागांवर पसरू शकते. काही मॉडेलांत ही शाई गोळा करणारा डबा घरीच बदलता येतो. तुमच्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेत तशी सोय दिलेली नसेल, तर प्रिंटर तिरका न करता सेवा केंद्राकडे न्यावा, आणि तोपर्यंत एकदाही क्लीनिंग करू नये.