कट मारून गेलेल्या गाडीची लेखी तक्रार त्याच दिवशी करा

ताई, तुम्ही लिहिलंय की कराडजवळ सायकलवरून शाळेत शिकवायला जाताना खासगी बसचा आरसा कोपराला घासून गेला, तुम्ही साईडपट्टीवर उतरलात म्हणून वाचलात, आणि चौकीत "लागलं नाही ना? मग सोडून द्या" एवढं ऐकून परत आलात. हे वाचून मला गप्प बसवेना. मी त्याच जिल्ह्यातला, त्याच रस्त्यांवर बरीच वर्षं सायकल चालवणारा. मला तर लागलंही होतं, तरी असंच काहीसं ऐकावं लागलं.

हेल्मेट, लाईट, भडक रंगाचे कपडे यावर लोकांनी तुम्हाला भरपूर सांगितलंय, ते मी पुन्हा लिहीत नाही. मी चौकीबद्दल लिहितो, कारण माझं खरं नुकसान रस्त्यावर झालं त्यापेक्षा तिथे जास्त झालं.

प्रकार असा होता. दोन पदरी रस्ता, सकाळची वेळ. समोरून वडाप (प्रवासी जीप) येत होती, मागून मालाचा पिकअप. त्याने चार सेकंद दम धरला असता तर काही झालं नसतं. तो मधूनच घुसला. पिकअपच्या फाळक्याला खाली ताडपत्री बांधायचे लोखंडी हूक असतात. त्यातल्या एका हुकाला दोरीचा सैल फास लोंबत होता, तो माझ्या हँडलच्या उजव्या टोकात अडकला. हँडल ओढलं गेलं, थोडं फरपटलो, दोरी सुटली आणि मी डाव्या खांद्यावर खडीत आदळलो. कॉलरबोन मोडलं. पिकअप थांबला नाही. नंबरप्लेट चिखलाने भरलेली होती. पण पुढे अर्ध्या किलोमीटरवर पेट्रोल पंप होता आणि त्याचा कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून होता. म्हणजे गाडी सापडण्यासारखी होती.

आता चौकीची गोष्ट. जागा एका ओढ्याच्या पुलाजवळची. पुलाच्या अलीकडे एका ठाण्याची हद्द, पलीकडे दुसऱ्याची. पहिल्या ठाण्यात हात गळ्यात बांधून गेलो तर अंमलदारांचा पहिला प्रश्न, "धक्का अलीकडे लागला की पलीकडे?" मी म्हटलं, दोरी पुलावर अडकली, पडलो पलीकडे. झालं, मला पलीकडे पाठवलं. पलीकडचे म्हणाले, सुरुवात पुलावर झाली, पूल आमच्याकडे नाही. परत अलीकडे. तिथले साहेब बंदोबस्तात. मग "उद्या या". मग "दवाखान्याचा कागद आणा". कागद नेला तर "यावर गाडीचा नंबर कुठाय?" दवाखान्याच्या कागदावर गाडीचा नंबर कसा असेल, हे मी त्यांना काय समजावणार!

पंपाचा मॅनेजर भला माणूस होता. म्हणाला, फुटेज आहे, पण पोलिसांचं पत्र आणा, मालकाची तशी सूचना आहे. पत्र मिळालं तोवर यंत्राने जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवं चढवलं होतं. बहुतेक यंत्रं तसंच करतात, डिस्क भरली की सगळ्यात जुनं आधी जातं. गाडी कधीच सापडली नाही. त्या दोन ठाण्यांतल्या कुणालाही त्याचं काही वाटलं असेल असं मला दिसलं नाही, आणि याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही. खांदा भरून आला. पण तो माणूस अजून त्याच रस्त्यावर तसाच कट मारत असेल, हा विचार जात नाही.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, लागलं नाही म्हणून सोडून देऊ नका. मी वकील नाही, तेव्हा पुढचं सगळं एखाद्या जाणत्या वकिलाकडून पडताळून घ्या. पण माझ्यानंतर मी जे वाचलं, विचारलं, ते असं आहे.

भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ हे बेदरकार वाहन चालवण्याबद्दल आहे. जीव धोक्यात येईल किंवा इजा होण्याचा संभव असेल अशा रीतीने सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवलं, एवढं त्याला पुरतं. रक्त सांडायची अट नाही. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक ड्रायव्हिंगचे प्रकार मोजून दिलेत, त्यात कायद्याविरुद्ध ओव्हरटेक करणं सरळ लिहिलेलं आहे. पहिल्या वेळेला दंड १,००० ते ५,००० रुपये, कैदेचीही तरतूद आहे. म्हणजे "लागलं नाही ना" हा प्रश्न तुम्हाला घरच्यांनी विचारावा, ठाण्यात त्यावर विषय संपत नाही.

हद्दीचं म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, जागा कुणाच्याही हद्दीत असो. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, ते विसरू नका. ठाण्याने नोंदवायला नकार दिला तर तेच लेखी, पोस्टाने, पोलीस अधीक्षकांना पाठवता येतं. पोस्टाची पावती जपून ठेवा. मला हे कलम तेव्हा हातात हवं होतं.

आणि या सगळ्याच्या आधी, जागेवरूनच ११२ ला फोन. वेळ आणि ठिकाण नोंदलं जातं, मग "तुम्ही इतक्या उशिरा का आलात" हे कुणी म्हणू शकत नाही. तोंडी तक्रार करूच नका. साध्या कागदावर दोन प्रती, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. शिक्का दिल्याशिवाय मी आता खुर्चीवरून उठत नाही. जवळ पंप, धाबा, सोसायटी असेल तर त्याच दिवशी त्यांना लेखी विनंती द्या की अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा. फुटेज तुम्हाला दिलं नाही तरी चालेल, पुसू नका एवढंच मागायचं.

देव न करो, पण कुणाला गंभीर लागलं आणि गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून ५०,००० रुपये मिळतात, मृत्यू झाला तर वारसांना २ लाख. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे. हे दर १ एप्रिल २०२२ पासूनचे आहेत. मात्र तिथेही ठाण्याचा कागद लागतोच, आणि गाडी नक्की कुठली ते माहीत असेल तर नुकसानभरपाईचा नेहमीचा दावा, तोही सहा महिन्यांच्या आत लावलेला बरा.

तुमच्या पोस्टखाली एकाने लिहिलंय की सायकलवाले रोड टॅक्स भरत नाहीत, त्यांनी कडेने जावं. मला हे पटत नाही आणि मी ते गोड बोलून सोडणारही नाही. त्या रस्त्यावर सकाळी शाळेच्या मुली असतात, कारखान्यावर जाणारे कामगार असतात, दुधाचे कॅन लावलेले असतात. त्यांच्यातलं कुणी इथे पोस्ट लिहीत नाही. जर्मनीत २०२० पासून सायकलला ओव्हरटेक करताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडणं बंधनकारक आहे. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ मध्ये ताशी ३० मैलांपर्यंत किमान दीड मीटर सोडायला सांगितलं. आपल्या मोटार वाहन कायद्यात असा मीटरचा आकडा नाही. तो यायला हवा, कारण आकडा नसला की ठाण्यात सगळं "तुम्हाला तसं वाटलं" यावर येऊन थांबतं.

कडेने जाण्याबद्दल माझं मत ठाम आहे, इथले काही जुने सदस्य याला विरोध करतील. डांबराच्या अगदी काठावरून चालवू नका. काठाला चिकटलात की मागच्याला वाटतं, अजून जागा आहे, मधून निघेल. साईडपट्टी तर आपल्याकडे कित्येक ठिकाणी वीतभर खाली असते, चाक एकदा उतरलं की परत वर चढताना आडवं पडतं. मी काठापासून साधारण मीटरभर आत चालवतो. मागच्याला ओव्हरटेक करायचा तर विचार करून करावा लागतो, आणि तो अगदी अंगावर आला तर मला सरकायला जागा राहते. हॉर्न खावे लागतात, खाल्ले. मागे खरंच रांग लागली तर जागा बघून थांबून सोडतो. रविवारी यवतेश्वरच्या घाटात तीन-तीन जण शेजारी गप्पा मारत जाणारे ग्रुप मलाही आवडत नाहीत. पण त्यांचा राग तुमच्या कोपरावर काढायचा कुणाला हक्क नाही.

अजून एक, तुमच्या भागात हंगामात कामाला येईल. उसाचा ट्रॅक्टर पुढे निघाला की लगेच मोकळं समजू नका. मागे दोन ट्रॉल्या असतात आणि दुसरी वळणावर पहिलीपेक्षा आतून कापत येते, वर उसाची टोकं बाहेर आलेली. दुसरी ट्रॉली पूर्ण पुढे जाईपर्यंत हँडल सरळ धरून ठेवा. हंगामात अंधार पडल्यावर त्या रस्त्याला मी जात नाही. ट्रॉलीला मागे लाल दिवा असेलच याचा भरवसा नाही.

तुमच्याकडे बसच्या नंबरचे शेवटचे चार आकडे आहेत, वेळ आहे, आणि मागून दुचाकीवर आलेला शाळेचा शिपाई साक्षीदार आहे. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. उद्या शाळा सुटल्यावर त्यांना बरोबर घेऊन जा, अर्ज आज रात्रीच लिहा. मसुदा इथे टाकलात तर मी बघून देईन. बसचा पूर्ण नंबर आणि शिपायांचं नाव मात्र इथे टाकू नका, ते फक्त अर्जात.