काचो ए पेपे: चीजचा गोळा, क्रीम आणि कढीतलं बेसन

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: पहिल्यांदा प्रोसेस्ड चीजच्या क्यूब घालून काचो ए पेपे, म्हणजे रोमचा चीज-मिरीचा पास्ता, केला, तर सॉस मस्त गुळगुळीत झाला. मग हौसेने महागडं पेकोरिनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं मुरवलेलं इटालियन चीज, आणलं, तेव्हा मात्र चीजचा चिंगमसारखा गोळा झाला आणि तळाला पांढरट पाणी राहिलं. शेवटी क्रीम ओतून वेळ निभावली. चुकलं कुठे, क्रीम चालतं का आणि हे शाकाहारी आहे का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

आधी दिलासा. तुमचा हात वाईट नाही. हा पदार्थ दिसतो सोपा आणि फजिती करतो भल्याभल्यांची. पास्ता, पेकोरिनो आणि मिरी, एवढ्या तीन गोष्टींत चूक लपवायला जागाच नसते.

माझी फजिती खुद्द रोममध्ये झाली. तिथे नोकरीनिमित्त राहत होते तेव्हाची गोष्ट. घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या आणि खालच्याच मजल्यावर राहायच्या. त्यांना एकदा जेवायला बोलावलं, आणि काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यांनाच काचो ए पेपे करून वाढायचं ठरवलं. पास्ता गाळला, गरम तव्यात टाकला, खाली गॅस चालूच, आणि वरून मूठमूठ किसलेलं पेकोरिनो. पुढच्या अर्ध्या मिनिटात सगळं चीज चिमट्याच्या टोकाला गोळा होऊन बसलं. चिमटा वर उचलला तर गोळ्याबरोबर दहा-बारा स्पॅगेटीही लोंबकळत वर आल्या. सिन्योरा, म्हणजे त्या घरमालकीणबाई, खुर्चीवरून उठल्या, गॅस बंद केला, कपाटातून एक काचेचं वाडगं काढलं आणि म्हणाल्या, "घाई." बाकी काही नाही. मग उरलेलं चीज वाडग्यात किसलं, पास्त्याचं पाणी एका कपात काढून ते निवायची वाट बघत बसल्या. मी ताटकळत उभी. पाणी कोमट झाल्यावर चमचा-चमचा घालत त्यांनी चीज फेटलं, श्रीखंडाच्या चक्क्यापेक्षा थोडं सैल होईपर्यंत. आम्ही जेवलो ते त्यांनी सावरलेलं.

त्या वाट बघण्यात सगळं आहे. चीज म्हणजे मुख्यतः दुधातलं केसीन नावाचं प्रथिन, त्यात अडकलेली चरबी आणि थोडं पाणी. ते जास्त तापलं की प्रथिनं एकमेकांना चिकटतात, आकसतात आणि चरबी-पाणी बाहेर ढकलतात. तुम्हाला मिळालेला गोळा आणि पांढरट पाणी ते हेच. आता आठवा, ताकाची कढी नुसती उकळली तर फुटते. म्हणून आपण ताकाला बेसन लावतो. बेसनातला स्टार्च त्या प्रथिनांच्या मध्ये येतो आणि त्यांना एकत्र येऊन गुठळी करू देत नाही. काचो ए पेपेमध्ये बेसनाचं काम पास्त्याच्या पाण्यातला स्टार्च करतो. कढी ज्याला जमते त्याला हे जमायलाच हवं. फक्त एक फरक: बेसन लावलेली कढी उकळी सोसते, पेकोरिनो सोसत नाही.

मग क्यूब का फुटल्या नाहीत? कारण प्रोसेस्ड चीजमध्ये कारखान्यातच सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार घातलेले असतात. ते प्रथिनं आणि चरबी एकत्र बांधून ठेवतात, म्हणून ते चीज कसंही वितळवा, गुळगुळीतच राहतं. पाकिटावर 'इमल्सिफायर' म्हणून लिहिलेलं असतं तेच हे. सोय मोठी आहे, पण चव पेकोरिनोची नाही. मेंढीच्या दुधाचा तो खारट, किंचित उग्र दणका क्यूबमध्ये कुठून येणार?

पास्त्याच्या पाण्याबद्दल सगळे सांगतात, पण त्यात एक मेख आहे. मोठ्या पातेल्यात चार-पाच लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम पास्ता उकळला, तर त्या पाण्यात स्टार्च नावापुरताच उतरतो. खानावळीत एकाच पाण्यात दिवसभर पास्ता उकळत असतो, म्हणून तिथलं पाणी पेजेसारखं दाट होतं. घरी तसं होत नाही. 2025 मध्ये काही इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी नेमका याच सॉसवर शोधनिबंध लिहिला, 'फिजिक्स ऑफ फ्लुइड्स' या नियतकालिकात. त्याच वर्षी त्यांना त्यासाठी इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. त्यांचा निष्कर्ष असा, की चीजच्या वजनाच्या 2 ते 3 टक्के स्टार्च असेल तर सॉस टिकतो. 1 टक्क्याच्या खाली गेलात की गुठळ्या, ज्या अवस्थेला त्यांनी चक्क 'मोझरेला' नाव दिलंय. 4 टक्क्यांच्या वर गेलात तर निवल्यावर सॉस खळीसारखा घट्ट. स्टार्च कमी असेल तर साधारण 65 अंश सेल्सियसच्या पुढे सॉस वाचत नाही. सिन्योरांना हे आकडे ठाऊक नव्हते आणि लागतही नव्हते. पण आपल्यासारख्यांना, वर्षातून चार वेळा करणाऱ्यांना, आकडा हाताशी असलेला बरा.

मी आता दोन्ही पद्धती मिसळून करते. दोन माणसांना 200 ग्रॅम पास्ता आणि 120 ग्रॅम पेकोरिनो रोमानो. रोममध्ये यासाठी तोन्नारेल्ली वापरतात, म्हणजे चौकोनी कापाच्या, जरा जाड अशा शेवया. त्या नसतील तर स्पॅगेटी उत्तम. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला हवा, मैदा नको. पास्त्याचा पृष्ठभाग खडबडीत, पिठूळ दिसत असेल तर आणखी छान, कारण तो काशाच्या साच्यातून काढलेला असतो आणि त्याला सॉस धरतो. चकचकीत पिवळ्या पास्त्यावरून सॉस घसरतो.

चीज फ्रिजमधून काढल्या काढल्या किसायचं, कारण थंड असताना ते सुटं किसलं जातं. किसणीची सगळ्यात बारीक बाजू घ्या, आपण जायफळ किसतो ती. गाजराच्या बाजूने किसलंत तर प्रत्येक तुकडा बाहेरून वितळतो, आतून गार राहतो आणि गुठळीची सुरुवात तिथेच होते. किसून झालं की मात्र ते खोलीच्या तापमानाला येऊ द्या. तयार किसलेलं पाकीट घेऊ नका. कीस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्यात सेल्युलोजसारखं काहीबाही घातलेलं असतं, ते सॉसमध्ये रवाळ लागतं.

मग एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे साधारण 3 ग्रॅम, कॉर्नफ्लोअर दोन टेबलस्पून पाण्यात कालवून छोट्या भांड्यात मंद आचेवर ढवळायचं. पांढरं पाणी पारदर्शक होऊन खळीसारखं झालं की उतरवा. त्यात पाव कपभर गार पाणी घालून निववा आणि चीजबरोबर मिक्सरमधून फिरवा. दाट लस्सीसारखी पेस्ट झाली पाहिजे. काही कट्टर रोमन मंडळी कॉर्नफ्लोअरचं नाव काढलं तरी नाक मुरडतील. मुरडू देत. चवीत तसूभर फरक पडत नाही, आणि पाहुणे दारात असताना छातीत धडधड होत नाही ती वेगळीच.

पास्ता उकळायला दीड लिटर पाणी पुरे. मीठ नेहमीच्या निम्मं, सपाट चमचाभर. पेकोरिनो स्वतःच इतकं खारट असतं की नेहमीएवढं मीठ घातलंत तर रात्रभर पाणी प्यावं लागेल.

मिरीबद्दल जरा जास्त बोलते, कारण नावातला 'पेपे' म्हणजे मिरीच आणि लोक नेमकी तिथेच कंजुषी करतात. टेबलावरच्या डबीतली करडी पूड इथे चालायची नाही. दोन चमचे अख्खी मिरी कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत भाजा आणि खलबत्त्यात जाडसर कुटा. पूड नको, दाताखाली कण आला पाहिजे. मी सावंतवाडीच्या बाजूला बहिणीच्या वाडीत माडांवर चढवलेल्या वेलीची मिरी वापरते. ती तिखट आहेच, पण तिला एक लिंबासारखा वासही आहे, जो मेंढीच्या चीजबरोबर फार जुळतो. तसं रोमचं आणि आपल्या पश्चिम किनाऱ्याचं मिरीवरून जुनं नातं. रोमच्या फोरममध्ये सम्राट डोमिशियनने पहिल्या शतकाच्या शेवटी मसाल्यांची कोठारं बांधली होती. त्यांचं नावच मिरीवरून पडलं, 'होरेआ पिपेरातारिया'. तिथली मिरी मुझिरिससारख्या मलबारच्या बंदरांतून जहाजाने जायची. आता त्या कोठारांवर सम्राट मॅक्सेंटियसच्या बॅसिलिकाचे, म्हणजे भव्य सभागृहाचे, अवशेष उभे आहेत.

आता शेवटची पाच मिनिटं, आणि इथे फोन उचलायचा नाही. कुटलेल्या मिरीतली निम्मी पसरट पॅनमध्ये घाला आणि त्यावर एक डाव पास्त्याचं पाणी ओता. चर्र झालं पाहिजे. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता थेट या पॅनमध्ये काढा आणि मोठ्या आचेवर हलवत शिजवा. लागलं तर आणखी अर्धा डाव पाणी. पास्ता शिजत आला आणि तळाशी थोडंसंच दाटसर पाणी राहिलं की गॅस बंद. नुसता बंद नाही, पॅन शेगडीवरून उचलून ओट्यावर ठेवा. आपल्या शेगडीची जाळी आणि जाड बुडाच्या कढया उष्णता फार वेळ धरून ठेवतात. बिडाची कढई तर या पदार्थाची वैरीणच. पातळ ॲल्युमिनियमचा पॅन बरा, नाहीतर सरळ स्टीलच्या पातेल्यात काढा. मिनिटभर थांबा. फसफस थांबली, वाफेचा लोट विरळ झाला की पेस्ट घाला आणि चिमट्याने भराभर हलवा, पॅनही पुढे-मागे झटका. सुरुवातीला पातळ वाटेल. घाबरू नका, हलवता हलवता सॉस शेवयांना धरतो. घट्ट वाटला तर चमचाभर पाणी. इटालियनमध्ये या घोटण्याला 'मान्तेकारे' म्हणतात. सॉस पॅनवरून हळूच ओघळला पाहिजे, पाण्यासारखा पळता कामा नये. गरम पाण्याने शेकलेल्या ताटल्यांत वाढा, उरलेली मिरी वरून भुरभुरा आणि लगेच खा. फोटो एकच.

क्रीमचं म्हणाल तर घातलंत म्हणून कोणी पकडून नेणार नाही. पण क्रीमने चीजची आणि मिरीची धार बोथट होते, सगळं दुधाळ लागतं. शिवाय रोमभोवतीच्या लात्सियो प्रांतातल्या या पास्त्यांच्या कुळात क्रीम कुठेच नाही. काचो ए पेपेमध्ये ग्वान्चाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, घातलं की ग्रिचा होते. ग्रिचामध्ये टोमॅटो आला की अमात्रिचाना, अंडं आलं की कार्बोनारा. सगळ्यांचा मऊपणा चीज, चरबी आणि पास्त्याच्या पाण्यातून येतो. अगदी आल्फ्रेडो पास्तासुद्धा रोममध्ये फक्त लोणी आणि पार्मेजानो चीजचा होता, क्रीम त्यात अमेरिकेत शिरलं. काचो ए पेपेबद्दल सांगतात, की उन्हाळ्यात अपेनाइन्सच्या डोंगरावर आणि हिवाळ्यात रोमभोवतीच्या सखल कुरणांत मेंढरं फिरवणारे मेंढपाळ वाळका पास्ता, मुरलेलं चीज आणि मिरी झोळीत ठेवायचे, त्यातून हा पदार्थ आला. आपल्याकडचे धनगर पावसाळा सरला की कोकणात उतरतात, तसंच ते. गोष्ट खरी किती ते देव जाणे, पण झोळीत टिकणाऱ्या त्या तीन वस्तू बघितल्या तर पटते.

शाकाहाराचं सरळ सांगते: अस्सल पेकोरिनो रोमानो शाकाहारी नाही. दूध घट्ट धरायला कोकराच्या पोटातलं रेनेट नावाचं पाचक द्रव्य वापरतात आणि ते त्या चीजच्या नियमांतच आहे. पार्मेजानो रेज्जानोमध्येही वासराचं रेनेट असतं, म्हणजे तीही पळवाट नाही. घरात पाळत असतील तर सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरलेलं आणि हिरवा ठिपका असलेलं, मुरवलेलं कडक चीज शोधा. मेंढीच्या दुधाचं मिळालं तर उत्तम, गाईचं असेल तर मीठ जरा वाढवा. चव वेगळी येईल, पण पद्धत तीच चालते आणि पदार्थ वाईट मुळीच होत नाही. माझ्या सासूबाईंसाठी मी तसाच करते.

पुन्हा गोळा झालाच तर क्रीमकडे धावण्याआधी एक करून बघा. गोळा बाहेर काढा, पाव वाटी कोमट पाणी आणि चमचाभर कॉर्नफ्लोअरची शिजलेली खळ घालून मिक्सरमधून जोरात फिरवा आणि परत निवत्या पास्त्यात घाला. निम्म्या वेळा जमतं.

आणि उरलं तर दुसऱ्या दिवशी गरम करत बसू नका, हमखास फुटतं. दोन अंडी फेटून त्यात तो थंडगार पास्ता कालवा, तव्यावर थोड्या तेलात जाड धिरड्यासारखा पसरवा आणि दोन्ही बाजूंनी खरपूस करा. नेपल्सकडे उरलेल्या पास्त्याचं असंच करतात. आमच्याकडे मुलं त्यासाठी मुद्दाम जास्त पास्ता करायला लावतात.