तव्यासमोरचे जपानी जेवण : जावे की टाळावे?

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीनिमित्त फ्लोरिडात असतो. येत्या मे महिन्यात मी, माझे यजमान आणि शाकाहारी असलेल्या सासूबाई असे तिघे त्याच्याकडे जाणार आहोत. मुलगा, सूनबाई आणि नऊ व सहा वर्षांची दोन नातवंडे धरून आम्ही सात जण ऑर्लँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डमधील एपकॉट या उद्यानात एक दिवस घालवणार आहोत. तेथील जपानच्या दालनात 'टेपन एडो' नावाचे उपाहारगृह असून तेथे आचारी पाहुण्यांसमोरच तव्यावर स्वयंपाक करतो. सूनबाईंना तेथे जागा राखून ठेवायची आहे. यजमान म्हणतात, की एवढ्या पैशांत सोलापुरात घरचा महिन्याचा किराणा येतो. आपला सल्ला काय?
— एक वाचिका, जुळे सोलापूर

उत्तर : सूनबाईंचे ऐकावे, असे आमचे मत आहे, मात्र जागा रात्रीची न धरता दुपारची धरावी आणि सासूबाईंच्या जेवणाचे बोलणे आधीच करून ठेवावे.

एपकॉट १ ऑक्टोबर १९८२ रोजी सुरू झाले. त्यातील एका मोठ्या तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत आणि जपानचे दालन अमेरिका व मोरोक्को यांच्या मध्ये येते. तेथील दुकान आणि उपाहारगृहे मित्सुकोशी ही जपानी पेढी चालवते. या पेढीचा आरंभ १६७३ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, किमोनोच्या कापडाच्या दुकानाने झाला, तेव्हा चादरी-टॉवेलांच्या गावातून जाणाऱ्या पाहुण्यांना तिच्याविषयी थोडा आपलेपणा वाटायला हरकत नाही. टेपन एडो या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे.

तेथे टेबलाचा मधला भाग म्हणजेच तापलेला, सपाट लोखंडी तवा असतो आणि त्याच्या तीन बाजूंनी आठ जणांची बसण्याची सोय असते. चौथ्या बाजूला आचारी उभा राहतो. तो कांद्याच्या चकत्या एकावर एक रचून त्यांतून धूर काढतो, उलथणे आणि सुरी तालात वाजवतो, मुलांशी चार शब्द बोलतो आणि हे सारे करता करता भाज्या, उदोन नावाच्या गव्हाच्या जाड शेवया, कोंबडी, कोळंबी किंवा मांस परतून थेट प्रत्येकाच्या ताटलीत वाढत जातो. सोबत जपानी पद्धतीचा किंचित चिकट भात असतो. मसाल्याच्या बाबतीत सोलापुरी जिभेने फारशी अपेक्षा ठेवू नये; मीठ, मिरपूड, सोया सॉस आणि सोबत दिलेली आंबटगोड बुडवणी एवढ्यावरच चव उभी राहते. या जेवणाचे खरे बळ तव्यापासून ताटलीपर्यंतच्या अंतरात आहे. हुरडा जसा आगटीशेजारी बसूनच खावा, डब्यात भरून घरी नेला की त्याची गोडी जाते, तसेच येथे आहे. कोळंबी किंवा शिंपल्याचे मांस दोन-चार मिनिटे रेंगाळले तरी चिवट होते आणि येथे ते रेंगाळतच नाही.

'हे काही अस्सल जपानी जेवण नव्हे,' असा आक्षेप आपल्या कानावर येईल. तो अर्धाच खरा आहे. कोबे शहरातील मिसोनो या उपाहारगृहाने १९४५ साली तव्यावर मांस भाजून पाहुण्यांना वाढण्याची पद्धत सुरू केली आणि ती जपानी गिऱ्हाइकांपेक्षा परदेशी, विशेषतः अमेरिकन, गिऱ्हाइकांना अधिक भावली. पुढे १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये बेनिहाना हे उपाहारगृह सुरू झाले आणि सुरीचे हातखंडे व विनोद यांची भर पडून या प्रकाराला आजचे रूप आले. म्हणजे मुळातच हे जेवण जपानी हात आणि अमेरिकन टाळ्या यांच्या मेळातून घडलेले आहे. ते फ्लोरिडातल्या एखाद्या उद्यानात मिळावे, यात विसंगत काहीच नाही. जपानी माणूस घरी रोज काय जेवतो हे कळावे म्हणून तेथे जाणारा मात्र निराश होईल. त्याने त्याच दालनात २०२३ साली सुरू झालेल्या शिकी-साई या सुशीच्या उपाहारगृहाचा किंवा, खिसा बराच खोल असल्यास, २०१९ साली सुरू झालेल्या ताकुमी-तेईचा विचार करावा.

आता यजमानांच्या मुद्द्याकडे वळू, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उद्यानाचे तिकीट वेगळे आणि जेवण वेगळे असते. पदार्थसूचीत छापलेली किंमत ही शेवटची किंमत नसते. तिच्यावर विक्रीकर लागतो, जो तेथे ६.५ टक्के आहे, आणि त्याशिवाय वाढप्याची बक्षिसी द्यावी लागते. समजा एकाचे जेवण ४० डॉलरचे झाले, तर २.६० डॉलर कर आणि १८ टक्क्यांनी ७.२० डॉलर बक्षिसी मिळून ते ४९.८० डॉलरला पडते. शीतपेय आणि गोड पदार्थ यांत धरलेले नाहीत. आपण सात जण आहात आणि सहा किंवा त्याहून अधिक माणसे असली की तेथे १८ टक्के बक्षिसी बिलातच धरलेली असते, हे मुलाला आवर्जून सांगावे; घाईत ती पुन्हा देणारे पाहुणे कमी नसतात. नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी स्वतंत्र, स्वस्त ताटे असतात, त्यामुळे दोन्ही नातवंडांचा भार हलका होईल. डॉलरला रुपयांनी गुणत बसले तर त्या उद्यानात पाण्याची बाटलीही घशाखाली उतरणार नाही, हे खरे. पण केवळ पोट भरण्याचाच प्रश्न असेल, तर यजमानांची बाजू बरोबर आहे, हेही मान्य केले पाहिजे. त्याच दालनात कात्सुरा ग्रिल हे काउंटरवरून घेऊन खाण्याचे ठिकाण आहे, त्याला जपानी पद्धतीची बाग लागून आहे आणि तेथे बराच कमी खर्च येतो.

मग आम्ही टेपन एडोच्या बाजूने का? कारण आपल्यासोबत एका टोकाला दोन लहान मुले आणि दुसऱ्या टोकाला एक वृद्ध बाई आहेत. तळ्याभोवतीची फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची असून जपानचे दालन मुख्य प्रवेशद्वारापासून पार पलीकडच्या काठावर आहे. मे महिन्यात फ्लोरिडातील ऊन सोलापूरच्या उन्हाइतके प्रखर नसले तरी हवा दमट असल्याने ते अधिक थकवते. अशा वेळी सात जणांना एकत्र, थंड हवेत, ऐसपैस बसता यावे, मुले कंटाळू नयेत आणि मोठ्यांना त्यांच्यामागे धावावे लागू नये, ही सोय त्या उद्यानात सहज मिळत नाही. आजी आणि नातू एकाच गोष्टीकडे एकाच वेळी डोळे मोठे करून पाहत आहेत, असे प्रसंग अशा सहलीत मोजकेच येतात. सासूबाईंसाठी प्रवेशद्वाराशी चाकांची खुर्ची भाड्याने मिळते. ती जरूर घ्यावी.

शाकाहाराचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. भाज्यांचे जेवण तेथे मिळते. अडचण पदार्थाची नसून तव्याची आहे. आठ जणांचा तवा एकच असतो आणि तेथे स्टेक म्हणजे गोमांस. एरवी तीन-चार जणांच्या कुटुंबाला अनोळखी लोकांसोबत बसवले जाते आणि त्यांनी काय मागवावे यावर आपला अधिकार चालत नाही. आपण सात जण असल्यामुळे जवळजवळ सबंध तवा आपलाच राहील, हा मोठा लाभ आहे. घरातल्या घरात कोंबडी किंवा कोळंबी एवढेच मागवायचे असे ठरवून घेता येईल. तरीही आठवी खुर्ची उरते, आणि तवा प्रत्येक पंगतीनंतर स्वच्छ केला जात असला तरी त्यावर आधी काय भाजले गेले असेल हे उघड आहे. सासूबाई 'वेगळे वाढले की चालते' अशा मताच्या असतील, तर प्रश्नच नाही. मांसाहाराचे भांडेही त्यांना चालत नसेल, तर जागा राखतानाच आहाराविषयीची नोंद करावी आणि तेथे पोहोचल्यावर त्यांचे जेवण आतील स्वयंपाकघरात वेगळ्या भांड्यात करून मिळेल का, हे बसण्यापूर्वीच आचाऱ्याला विचारून घ्यावे. सोबतच्या रस्स्यांत माशांचा अर्क असण्याची शक्यता असते, तेव्हा तेही विचारावे. 'शाकाहारी' एवढाच शब्द पुरत नाही, मांस, मासे, अंडे ही नावे घेऊन सांगावे लागते. इतके करूनही समोर मांस भाजले जात असताना त्यांच्या घशाखाली घास उतरणार नसेल, तर मात्र बेत रद्द करावा. वृद्ध माणसाला उपाशी बसवून बाकीच्यांनी मौज पाहणे शोभणार नाही.

जागा साठ दिवस आधीपासून राखता येते. बेत बदलल्यास वेळेत रद्द करावी, नाहीतर माणशी दंड पडतो. रात्रीच्या जेवणाला आमचा विरोध एवढ्यासाठी, की रात्री तळ्यावर आतषबाजी असते आणि आठवर आठ पंगती उरकणाऱ्या दमलेल्या आचाऱ्यापेक्षा दुपारचा आचारी अधिक खुलून बोलतो. जेवणानंतर लगेच निघू नये. नारा येथील होर्युजी मंदिराच्या धर्तीवर उभारलेला पाचमजली मनोरा आणि पाण्यातले तांबडे तोरणद्वार पाहावे. मोठ्या जपानी ढोलांचे वादन त्याच प्रांगणात होते आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

प्रश्न : मुंबईतील मोठ्या हॉटेलांतही असे तव्यासमोरचे जेवण मिळते. आम्ही ते घेतले आहे. मग डिस्नेत पुन्हा तेच कशासाठी घ्यावे?
— एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : घेऊ नये. या प्रकारात पहिल्या वेळचे आश्चर्य मोठे असते आणि दुसऱ्यांदा कांद्याचा धूर पाहताना ते उरत नाही. वाढणारे अनेक जण ठराविक काळाच्या करारावर खुद्द जपानहून आलेले असतात आणि त्यांच्याशी गावाकडच्या गोष्टी बोलण्यात मौज आहे, एवढा फरक पडतो. पण त्यासाठी संपूर्ण जेवणाचे पैसे मोजण्याची गरज नाही, कारण तशीच माणसे खालच्या दुकानातही भेटतात. त्या दुकानात तासभर घालवावा आणि जेवायला शेजारच्या मोरोक्को किंवा पुढच्या फ्रान्सच्या दालनात जावे. मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत तेथे पुष्पोत्सव असतो. त्या काळात तळ्याभोवती खाण्याचे लहान ठेले लागतात आणि थोडे थोडे चाखत फिरता येते.

प्रश्न : आम्ही जैन असून कांदा-लसूण खात नाही. आमच्यासाठी तेथे काही आहे काय?
— एक वाचिका, सोलापूर

उत्तर : टेपन एडोत जाऊ नये. तेथे कांदा हा खेळाचाच भाग आहे. आहाराच्या अडचणी ऐकून घेण्यात डिस्नेची उपाहारगृहे चांगली आहेत, तरी कंदमुळे वर्ज्य असण्याची कल्पना तेथील प्रत्येक आचाऱ्याला असेलच असे नाही. दिलासा एवढाच, की उद्यानात स्वतःचे खाद्यपदार्थ नेण्यास मुभा आहे. दशम्या, कडक भाकरी आणि लसूण न घालता कुटलेली शेंगांची चटणी गरम करावी लागत नाही, म्हणून ती उत्तम. काचेची भांडी मात्र आत सोडत नाहीत. चटणी बरणीऐवजी प्लास्टिकच्या डब्यात भरावी.